डबीवरचं नाव

रायपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलात माझ्या बाजूच्या बाकावर मावशी आणि भाची मावशीच्या रिपोर्टसाठी थांबल्या होत्या.

“काहून वं ज्ञानदा, पंधरा दिवस जेवायले आली नाही?”

“लॅबमदी काम होतं, मावशी.”

“माह्या फुप्फुसाचा तुकडा तुह्याच लॅबमदी आला न? कोणती गोळी लागू पडते ते पाहायले?”

“हो. पण तिथल्या एवढ्या तुकड्यांतला तुहा कोणता, मले नाही माहीत. डबीवर नाव नसते, फक्त नंबर राहते.”

“अवं, माह्या घरी वाटीवरही नाव कोरलं हाय!”

“कोणाचा हाय ते आमाले कळू नये, असा नियमच हाय.”

“हव. मंग सगळेच माहे समजून पाहत जाय.”

“तेच तं करून राहिली, मावशी. पंधरा दिवसांपासून.”