क्षमतेबाहेरचा चंद्र

(दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट. आत शिक्षिका आणि तिची आत्या. लिफ्टच्या छतावर मेकॅनिक.)

शिक्षिका : आपलं ठरलेलं लग्न मोडलं, ऐकतोयस ना?

मेकॅनिक : बरं. दाराला टेकू नकोस.

शिक्षिका : नाही, मी काही बोललेच नाही. आधी खाली उतरव, मग मोडू.

आत्या : मोडच. काल चार पाहुण्यांसमोर हिनं विचारलं, माझ्यासाठी चंद्र आणशील? तर जावईबापू म्हणतात, वजन क्षमतेबाहेर जातंय.

मेकॅनिक : जातंच, आत्या. क्षमता सहा माणसं.

शिक्षिका : अरे, ती अतिशयोक्ती. माझ्या वर्गातल्या पोरांनाही कळते. नुसतं 'हो' म्हणायचं होतंस.

मेकॅनिक : आमच्या कामात चालत नाही. एकदा एक मालक म्हणाला, माझ्या लिफ्टमध्ये अख्खं गाव मावेल. लोकांनी मनावर घेतलं.

आत्या : मग?

मेकॅनिक : मावलं नाही.

शिक्षिका : बरं, सोपं घेऊ. उपमा. मी कशासारखी आहे?

मेकॅनिक : तुझ्या बहिणीसारखी. जरा उंच.

आत्या : तुला हाच मिळाला होता का गं?

शिक्षिका : दोन वेगळ्या गोष्टींतलं साम्य सांगायचं असतं रे. 'सारखी' गाळलंस की रूपक. आणि निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. ही लिफ्ट थांबलीय, तर काय म्हणशील?

मेकॅनिक : ब्रेक अडकलाय.

शिक्षिका : रुसलीय, म्हण.

मेकॅनिक : रुसली असती तर खालूनच समजूत काढली असती. ब्रेक अडकलाय, म्हणून वर चढलो.

शिक्षिका : आयुष्यभर हेच ऐकायचंय मला? एकदा तरी माझ्याबद्दल असं काही बोल, जे मोजता येत नाही.

मेकॅनिक : तू ब्रेक आहेस.

आत्या : ऐक. अडकलेला.

मेकॅनिक : चांगला, आत्या. असतो तेव्हा कुणाला आठवतसुद्धा नाही. नसला, की मी वरून थेट तळाला.

आत्या : ही उपमा झाली का गं?

मेकॅनिक : 'सारखी' म्हणायचं राहिलं. घालू का मधे?

शिक्षिका : नको. आहे तसंच राहू दे.

मेकॅनिक : ब्रेक सुटला. तळमजल्याचं बटण दाबा.

आत्या : थांबा, मी दाबत नाही. चंद्राचं काय ते आधी सांगा, जावईबापू. तोंडी नको, रीतसर.

मेकॅनिक : मा. व्यवस्थापक यांस विनंती, की सदर लिफ्टची क्षमता 'सहा माणसे व एक चंद्र' अशी वाढवून मिळावी.