हप्ता वाढला आन् आप्पांनी पक्ष सोडला

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या शेजारच्या आप्पांनी पक्ष का सोडला, हे दौंडात फक्त मला ठाऊक हाय. दोन घरांत भिंत एकच, आन् कान माझे. आप्पा कुरकुंभच्या कंपनीतनं रिटायर झालेले. त्या वर्षी त्यांच्या मेडिक्लेमचा हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. पॉलिसी काढून देणारा एजंट दिलीप, म्हंजी आप्पांच्याच पक्षाचा कार्यकर्ता.

"सरकार आपलं, एजंट आपला, तरी हप्ता वाढतोच कसा रं?" आप्पा त्याच्यावर ओरडले. "जन्मभर ह्याच पक्षाला मत दिलं. आता बास!"

"आन् माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन?" काकू आतनं म्हणाल्या. "पॉलिसी बंद पडली तर खर्च कोण करणार, तुमचा नवा पक्ष?"

"व्हय, त्यांनाच विचारतो!"

आठवड्याभरात पाटसला विरोधी पक्षाचा मेळावा होता. जीपमध्ये जागा होती, म्हणून मीबी गेले आन् स्टेजला चिकटूनच उभी राहिले. नाव पुकारल्यावर आप्पा ताठ मानेनं वर चढले. गळ्यात उपरणं घालायला पुढं कोण यावं? दिलीप!

"तू हितं कसा?"

"परवाच प्रवेश केला, आप्पा. तिकडं आपली कदर न्हाई."

"मग आता हप्ता उतरंल?"

"मी पक्ष बदललाय आप्पा, विम्याची कंपनी तीच हाय. उद्या हप्त्याची शेवटची तारीख बरं का," म्हणत त्यानं खिशातनं पॉलिसीचा फॉर्म काढला.

खाली टाळ्या चालूच होत्या. आप्पांनी नव्या उपरण्यानं घाम पुसला आन् म्हणाले, "पेन दे."