नुसत्या ओठांनी

डॉक्टर : उलट्या सकाळीच होतात की दिवसभर? घाडी, तुम्हाला विचारतेय मी. सकाळी, की दिवसभर?

अंबिका : बाई, हात धुऊन झाले की मग विचारा. तुमची पाठ आहे ह्यांच्याकडे.

डॉक्टर : पाठ असली म्हणून काय झालं? चार हातांवर तर बसलेत.

अंबिका : पाठीमागून ह्यांना काय कळणार? साचेवाले ना हे, मागावर कापड विणणारे. आमच्या मिलमध्ये साच्याखात्यात दोनशे साचे एकदम चालतात. शेजारी उभं राहून बोंब मारली तरी कळत नाय. तिथे ऐकायचं नसतंच, बघायचं असतं. नुसते ओठ हलवायचे, त्यातच सुखदुःख, त्यातच भांडण, त्यातच जॉबर मुकादमाला शिव्या. सवयच झाली. आता वळून विचारा, बघा कसे पटापट सांगतात.

डॉक्टर : थांबा जरा. घाडी, माझ्याकडे बघा. उलट्या कधी होतात?

धोंडू : सकाळची, बाई. उठल्याबरोबर. डोका ठणकत असता, उलटी झाली की जरा हलका वाटता.

डॉक्टर : आता हा केसपेपर मी तोंडापुढे धरते. राहता कुठे तुम्ही? कितवा मजला?

अंबिका : काळाचौकीला, तिसऱ्या—

डॉक्टर : तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू दे.

धोंडू : कागद खाली घेवा, बाई. काय विचारलात ता दिसला नाय.

डॉक्टर : दिसलं नाही म्हणतात. ऐकू आलं नाही, असं नाही म्हणत. अंबिकाबाई, गुरुवारी मी यांना समोर बसवून तीस-पस्तीस प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं नीट दिली. मग मी माझ्या हाताने इथे लिहिलं, दोन्ही कान ठीक. चूक झाली माझी.

अंबिका : चूक कसली त्यात. कान जरा कमी आहेतच. साच्याखात्यात वीस वर्षं काढल्यावर कुणाचे धड राहतात? खात्यातल्या गणपतभाऊजींचे गेले, जयवंतचे गेले. त्याचं कुणी मनावर घेत नाय आमच्यात.

डॉक्टर : त्यांचे दोन्ही कान गेले ना? सारखेच?

अंबिका : सारखेच.

डॉक्टर : साचे दोन्ही कान सारखे खातात. म्हणून बघायचंय. घाडी, आता डोळे मिटायचे. मी उजव्या कानाशी हा कागद चुरगळत राहीन, आणि डावीकडून बोलेन. माझं बोलणं आलं की हात वर करा. कळलं? मिटा. घाडी. धोंडू घाडी. जेवलात का? पाणी हवंय का?

अंबिका : केवढ्यानं बोलताय, बाई. पलीकडच्या खाटेवरचे उठून बसले.

धोंडू : सुरू करतास मां? कागदाचो आवाज येता नुसतो.

डॉक्टर : झालं. उघडा डोळे. उजवा कान साचेवाल्याचा आहे, थोडा कमी. डावा पार गेलाय, ठार. कधीपासून हे?

अंबिका : ह्यांना नका विचारू, ह्यांना ठाऊकच नाय. मलाही आत्ता तुम्ही बोलल्यावर पटतंय. ऐका. दोन वर्षांमागे समितीचा मोर्चा होता, आमची आख्खी चाळ गेली होती. पुढे लॉरीवर एक जण भोंगा घेऊन ओरडायचा, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’, आणि मागून सगळ्यांनी ‘झालाच पाहिजे.’ त्याचं तोंड फाउंटनकडे, पाठ आमच्याकडे. सगळ्यांचं ‘झालाच पाहिजे’ होऊन जायचं, गल्ली शांत व्हायची, आणि मग एकटे हे, हात वर करून, ‘झालाच पाहिजे.’ दर खेपेला. शेजारची लक्ष्मी हसून हसून बेजार. म्हणाली, तुझ्या नवऱ्याचा महाराष्ट्र एक दिवस उशिरानं येणार. मीही हसले. आता कळतंय, हे शेजाऱ्याचे ओठ बघून मग ओरडत होते.

धोंडू : शेजारी तोंडात तंबाखू धरून होतो. त्याचा निम्मा कळायचाच नाय.

डॉक्टर : आणि चालताना तोल जातो, तो कधीपासून?

अंबिका : पाऊस संपल्यापासून. मोरीत तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, की भिंत धरावी लागते. चाळीत सगळे म्हणतात, मोर्चात डोक्यात लाठी बसली, त्याचं हे. लाठी बसली होती पोटरीवर. पण लोक मानाने विचारपूस करायला लागले, मग ह्यांनीही ती वर चढू दिली.

धोंडू : मी कोणाक काय बोललंय नाय.

अंबिका : तेच तर. नाय म्हणून सांगितलंही नाय.

डॉक्टर : डाव्या गालाला कापूस लावतेय. कळतंय?

धोंडू : लावलात कधी?

अंबिका : पान खाल्लं की चोथा डाव्या गालात तसाच राहतो, दुपारी मी सांगते तेव्हा थुंकतात. मला वाटायचं, वेंधळेपणा.

डॉक्टर : वेंधळेपणा नाही हा. घरी नाही सोडत मी यांना. डोक्याचे फोटो काढू, डोळ्यांच्या आतून बघू. मग मोठे सर ठरवतील.

\* \* \*

धोंडू : सगळा वाकडा होतला, की अर्धाच?

डॉक्टर : काय वाकडं?

धोंडू : तोंड. मघाशी दाराशी सिस्टरांका सांगत होतात. ‘गाठ काढायची तर तोंड वाकडं होणार, हे घाडींना कसं सांगू?’

डॉक्टर : मधे वीस खाटा आहेत, घाडी.

धोंडू : अठरा. साच्याखात्यात मी ह्याच्या दुप्पट लांबचा बोललंय.

अंबिका : मलाही आत्ताच सांगितलं ह्यांनी. सांगा आता, बाई. आमच्याकडे तोंड करून सांगा.

डॉक्टर : बसते इथे. मी हे चोरून बोलायला नको होतं. ऐका. कानातून मेंदूकडे एक नस जाते. डावीकडच्या नसेवर गाठ वाढलीय, सुपारीएवढी, कदाचित थोडी मोठी. कॅन्सर नाही, असं सरांना वाटतं. सावकाश वाढत आलीय. पण जागा वाईट आहे. आता ती मेंदूला रेटतेय, म्हणून डोकं दुखतं, तोल जातो. आणि डोळ्यांच्या मागे सूज आलीय. साच्यावर तुटलेली सुताची तार दिसायला त्रास होतो ना?

धोंडू : कधी कधी धुक्यातली दिसता, मग परत साफ.

डॉक्टर : काही महिन्यांत ती तारही दिसणार नाही, साचाही नाही. गाठ राहिली तर पुढे जीवही जाईल. ऑपरेशन कानाच्या मागून करायचं. त्यातही जिवाला धोका आहे, तो लपवत नाही मी. पण सरांनी अशा गाठी काढल्यात, आणि माणसं चालत घरी गेलीत. फक्त चेहरा हलवणारी नस या गाठीला चिकटून असते. ती बहुतेक वाचत नाही. डावी बाजू लुळी पडेल. डोळा पुरता मिटणार नाही, ओठ डावीकडे मिटणार नाहीत. प, ब, म ही अक्षरं अडतील.

धोंडू : मुंबई गेली मग. महाराष्ट्र गेलो. पाहिजे गेला. आख्खी घोषणाच गेली काय हो.

अंबिका : थट्टा करताय काय आता.

धोंडू : थट्टा नाय, अंबी. नको माका ऑपरेशन.

डॉक्टर : घाडी, डोळे जातील म्हणतेय मी.

धोंडू : तुमी सांगितलात, माका कळला. पण साच्याखात्यात वाकड्या तोंडाचो माणूस म्हणजे मुको. कान नाय तर चालता, कोणाचेच नाय. ओठ नाय तर मेल्यासारखोच. सुताचो धोटो साच्यातून उडालो, पट्टो तुटलो, तर शेजाऱ्याक सांगू कसा? ही मिलमध्ये कामाक होती, पयल्यांदा आमच्या खात्यातून पाण्याक जात होती, तेव्हा हिचो पदर पट्ट्याकडे उडत होतो. सहा साचे पलीकडून मी ओठांनी सांगलंय, ‘पदर आवर.’ त्या दिवशी ह्या तोंड वाकडा असता, तर आज ही हंय बसली असती काय?

अंबिका : खरं आहे ते. पट्टा पदरापासून तीन बोटांवर होता. बाई, एक बोलू? मी ह्यांचं नाव घेत नाय. कुणीच नवऱ्याचं घेत नाय आमच्यात. पण खात्यात ‘अहो’ कसं म्हणायचं, शंभर जणींचे अहो आहेत. म्हणून मी तिथे नाव घ्यायची, नुसत्या ओठांनी. आवाज काढला नाय म्हणजे नाव घेतलं नाय, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, अजून तसंच. घरीसुद्धा. दिवसातून दहादा घेते, आणि कुणाला पत्ता नाय.

धोंडू : माका पत्तो असा ना.

अंबिका : तुम्हाला असतो, कारण तुम्ही बघता. डोळे गेल्यावर काय करू? मी नाव घेईन नि तुम्ही भिंतीकडे बघत बसाल. मला कुणाशी बोलायचं मग? तोंड वाकडं झालं तर मी वाकडं वाचायला शिकेन. आंधळ्याला माझे ओठ कोण शिकवणार?

धोंडू : शिकूक येता काय असा? वाकडा?

अंबिका : आत्ता बघू. धरा डावी बाजू बोटांनी. गाल, ओठ, सगळं घट्ट. हलू द्यायचं नाय. आता बोला काहीतरी. आवाज नाय काढायचा. ‘चहा गार झाला.’ बरोबर?

धोंडू : मी म्हटलंय, ‘बाई बघतहत.’

डॉक्टर : बघतेय मी. जाऊ का?

अंबिका : बसा हो, तुमच्यापुढे कसली लाज. परत धरा. सावकाश बोला, मिलचा भोंगा नाय होत इथे. ‘घरची किल्ली… लक्ष्मीकडे… दे.’

धोंडू : हां.

अंबिका : बघा. आणि लक्ष्मीकडे कशाला? ती पंचायत करेल. आता माझं नाव घ्या. परत. अं… ई. परत.

धोंडू : ‘ब’ येत नाय, अंबी.

अंबिका : ‘ब’ राहू दे. या जगात मला अंई दुसरं कोण म्हणणार आहे? कळेल मला.

डॉक्टर : अंबिकाबाई, सरांना काय सांगू?

अंबिका : मला नका विचारू. त्यांच्याकडे तोंड करून विचारा.

धोंडू : विचारूक नको. दिसला माका. आंगठो कुठे लावायचो? नाय, थांबा, सही करतंय. नंतर हात कसो चालता, कोणाक ठावक.

\* \* \*

(ऑपरेशनला अकरा दिवस झालेत. तोच वॉर्ड, सकाळची फेरी नुकतीच संपली आहे. धोंडू उशांना टेकून बसला आहे, डाव्या डोळ्यावर पट्टी.)

डॉक्टर : टाके काढले. गाठ बरीचशी निघाली, एक पापुद्रा सरांनी मुद्दाम ठेवला, तो ओढण्यात जीव गेला असता. डोळ्यांची सूज उतरतेय. घास उजवीकडूनच भरवा. आणि पट्टी विसरायची नाही, तो डोळा उघडा राहिला तर कोरडा पडेल.

अंबिका : विसरत नाय. पेज प्यायलेत आज, वाटीभर.

डॉक्टर : बोलतात का?

अंबिका : नाय ना. पाणी हवं तर बोट, नको तर बोट. तोंडावर सारखा टॉवेल धरून बसायचे, आज कुठे खाली ठेवलाय. काल आरसा मागितला, तोही बोटानं. मी म्हटलं, आरसा घरी. लाजतात, बाई. खात्यातला सगळ्यात बोलका माणूस हा.

डॉक्टर : घाई नका करू. त्या दिवशी तुम्ही हाक मारलीत, ती तरी पोचली ना.

अंबिका : आठवण नका काढू. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, शुद्ध नाय, आणि सिस्टर म्हणतात, उजव्या कानाशी नाव घ्या, जोरात. ओठ दाखवू कुणाला? घेतलं मग. धोंडू. धोंडू. अहो धोंडू. सोळा वर्षांचं एकदम बाहेर आलं. पलीकडचे कोंडीराम म्हणाले, बाई, ते उठतील तेव्हा उठतील, आम्ही सगळे उठलो. मला रडूही येत होतं नि हसूही.

डॉक्टर : पण बोट हललं.

अंबिका : माझ्या हातात हललं. तेवढ्यावर आज अकरा दिवस काढले.

डॉक्टर : साच्यावर जायचं सहा महिने तरी मनात आणायचं नाही. आधी तोल सावरू दे, भिंतीला धरून चालवा. पुढे जमेल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही. आणि दर आठवड्याला— काय झालं? तिकडे काय बघताय?

अंबिका : हो, हो. इथेच आहे मी. कुठे जाते?

डॉक्टर : कुणाशी बोलताय?

अंबिका : ह्यांच्याशी. हाक मारली ना त्यांनी आत्ता.

डॉक्टर : मी इथेच उभी आहे. काहीच आवाज नाही आला.

अंबिका : ‘ब’ नाय आला. बाकी सगळी हाक आली.

डॉक्टर : मला कशी नाही कळली?

अंबिका : तुम्ही ऐकत होता, बाई.