सणाचे पाच पाव

(ग्रीसमधलं लिम्नोस बेट. गावच्या लोकपरंपरा मंडळाची भट्टी. उद्या संत परास्केवीचा सण.)

एवांथिया : “मनात अढी असली तर अर्पणाच्या पिठात हात घालायचा नाही.” सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघी जावांना, मला नि फोतिनीला, बजावलं होतं. मग मी मळू कशी, स्तामातिया?

स्तामातिया : काकू, सकाळी देवळात पाच पाव लागतील. मंडळात ते जमणाऱ्या दोघीच, तुम्ही नि फोतिनीकाकू.

एवांथिया : तू मळ की. अध्यक्ष आहेस.

स्तामातिया : माझ्या पावाला कोंबड्यासुद्धा चोच लावत नाहीत. बेकरीला सांगते. फादर म्हणाले, चालेल.

एवांथिया : फादर भले आहेत, त्यांना सगळं चालतं. मी सासूबाईंना शेवटच्या दिवसांत शब्द दिलाय, या सणाला संतमाईपुढे विकतचा पाव येणार नाही.

स्तामातिया : मग बोला ना फोतिनीकाकूंशी.

एवांथिया : तिनं मंडळाच्या प्रदर्शनात विकतच्या यीस्टचा पाव मांडला. वर पाटी, ‘सासूबाईंच्या आंबवणाचा’.

स्तामातिया : आणि तुम्ही ते माइकवर सांगितलंत.

एवांथिया : पाहुण्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं.

स्तामातिया : पाहुण्यांनी बस कधी सुटते ते विचारलं होतं, काकू.

एवांथिया : …यीस्ट होतंच त्यात. वासानं कळतं मला.

स्तामातिया : असेल. पण तेव्हापासून रविवारच्या अर्पणाची त्यांची पाळी आली, की त्या बेकरीतला पाव आणतात. टोपलीवर कापड असतं, तुम्हाला कुठून दिसणार? देवळात टोपली मीच आत घेते.

एवांथिया : फोतिनी? तिच्या घरची भट्टी तर रोज पेटते.

स्तामातिया : घरच्यांसाठी पेटते. देवासाठी मळत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, “सध्या हात चालत नाही गं.”

एवांथिया : हात नाही गं. मनात अढी आहे, म्हणून सासूबाईंचा शब्द पाळतेय ती. माझ्यासारखाच.

स्तामातिया : मग बेकरीला सांगू?

एवांथिया : नको. पीठ चाळून ठेव. पाणी कोमट कर, कढत नको.

स्तामातिया : माफी मागणार तुम्ही?

एवांथिया : माइकवर बोलले, त्याची मागेन. यीस्टची नाही.

स्तामातिया : त्या दारच उघडणार नाहीत.

एवांथिया : तर पायरीवर बसेन. माझा रुमाल दे तो, डोक्यावर घेते. तिच्या घराकडे चढ आहे, सावकाश जावं लागेल.