आल्याच्या सतरा कुंड्या

दवाखान्यात पडद्याआड आजी हाताचं प्लास्टर काढून घेत होत्या. दीड महिना त्या लेकीकडे राहिल्या खऱ्या, पण जीव घरच्या आल्याच्या कुंडीत अडकलेला. गड्डा वाढून कुंडी तडकायला आली होती. तो कापून वेगवेगळा लावायचं काम फोनवरून आजोबांच्या गळ्यात पडलं होतं. आणि पडद्यापलीकडे आजोबा बाकावर शेजारी बसलेल्या बाईंना रंगवून सांगत होते,

“कोणी विश्वास ठेवणार नाही बाई, पण एका कुंडीतल्या आल्याच्या सतरा कुंड्या केल्या मी!”

“सतरा? गड्डा होता की डोंगर?”

“उपसायला शेजारचे तिघे लागले. त्यातला एक आपटला.”

“कापताना डोळे बघितलेत ना? डोळा नसला तर कोंब फुटत नाही हो.”

“मला शिकवता? प्रत्येक तुकड्याला दोन-दोन डोळे! ही म्हणाली होती, हात थरथरला तर वाटोळं होईल. माझा हात? छे! सपासप!”

“आणि लगेच मातीत?”

“वेडा आहे का मी? दोन दिवस सुकवले, काप भरू दिले, मगच लावले.”

पडद्याआड आजींनी मोकळी झालेली बोटं हळूच मिटून पाहिली.

“मग मांडीवरच्या पिशवीत काय?”

“नमुना. हिला दाखवायला.”

“बघू... अहो आजोबा, हा तर मातीसकट अख्खा गड्डा! याला सुरी लागलेलीच नाही!”

“बाई, जरा तळाशी बघा,” पडद्याआडून आजी म्हणाल्या, “सुरीही आणली असेल यांनी माझ्यासाठी.”