गिअरशेजारचं झाकण

नाही, ते तुकडे टाकू नका, इकडे द्या. फुटलेलं आहे हे मलाही दिसतं, मीच फोडलं ते. बॅटरी बसवलीत ना? मग झालं. हात पुसायला हे फडकं घ्या – पडद्यांना नको, धुतलेले आहेत. – कोणी चिकटवलं म्हणता? आमच्या ह्यांनी. मंगळवारी गेले ते. बसा, बसा, उभं राहून काही फरक पडत नाही.

सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका वेळेवर आली, त्यांना दोष देता येणार नाही – पण आमची गाडी फाटकातच उभी, दोन्ही अंगांना भिंत, माणूस अंग चोरून जाईल, स्ट्रेचर कसा जाणार? आणि हे काही उचलून न्यायच्या अंगकाठीचे नव्हेत. गाडीतला दिवा रात्रभर जळला, बॅटरी उतरली, आणि बॅटरी नसली की गिअरचा दांडा ‘पार्क’मधून हलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! शेजारचे शिंपी तर त्याला लोंबकळलेच. मी म्हटलं, “अहो, गाडी आहे ती, हातपंप नव्हे, सरा बाजूला.” माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून वाचलेलं – ह्यांनी कधी उघडलंही नाही. दांड्याशेजारी नखाएवढं झाकण, ते काढायचं, आतलं बटण किल्लीने दाबून धरायचं, ब्रेकवर पाय, दांडा न्यूट्रलवर. हँडब्रेक मी आधी ओढला – हो, उतार आहे ना तिथे, घाई झाली म्हणून क्रम सोडायचा?

झाकण निघेना. नखाने नाही, किल्लीने नाही, शिंप्यांच्या चांगल्या कात्रीचं टोक वाकलं. “इतकं घट्ट कोणी बसवतं का!” – मोठ्यानेच बोलले मी – आणि हे, दारात खुर्चीवर बसवलं होतं ह्यांना, हात वर करून म्हणाले, “अगं, मीच चिकटवलंय ते.” मी म्हटलं, “तुम्ही बोलू नका, दम लागतो.” नाही बोलले मग.

का म्हणजे? वाजायचं ते. खड्डा आला की टिकटिक. मला गाडीत खुळखुळाट चालत नाही. एकदाच सांगितलं होतं मी – बरं, दोनदा – रोज म्हणा हवं तर. आणि ह्यांचं काम असं, की एक वेळ भिंत पडेल, ह्यांनी ठोकलेला खिळा नाही पडायचा. शेवटी शिंप्यांनी हातोडी आणली, स्क्रूड्रायव्हर मी धरला. फुटलं. बटण दाबलं तर दांडा कसा अलगद सरकला हो – काहीच नव्हतं त्यात. गाडी ढकलली, स्ट्रेचर आत आला. खुर्चीपाशी पोचेपर्यंत ह्यांची मान कलली होती.

तुमच्या हाताखालून रोज गाड्या जातात, म्हणून विचारते. झाकण नुसतं बसवलेलं असतं, चिकटवलेलं नसतं – तर किती वेळ लागला असता? नीट विचार करून सांगा, मला बरं वाटावं म्हणून नको. हं. सांगा ना –

नको. राहू द्या. या तुम्ही आता.