गळती शोधायला

— अहो, आत या ना, दारात उभं राहून काय कळणार? चपला असू द्या, काढल्यात तरी चालेल, नाही काढल्यात तरी चालेल, खाली लाकूड आहे आणि लाकडावर रबरी चटई, फडकं मारलं की झालं — डोकं! डोकं सांभाळा! लागलं? लागलंच. सगळ्यांना लागतं तिथे. आमच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलीय ही घरासारखी राहायची गाडी आणि त्यांनाच रोज लागतं, आणि दर वेळी ते त्या चौकटीकडे वर बघून विचारतात, "तू कधी आलीस गं इथे?" बसा, इथे बाकावर बसा. ही गादी उचलली की खाली टाकी. म्हणजे ताई, तुम्ही आत्ता साठ लिटर पाण्यावर बसला आहात. काही जाणवतंय का? नाही ना? तेच तर कसब आहे.

मालक नाहीयेत हो. सासरे आणि आमचे हे, दोघंही पाइपांचे जोड आणायला गेलेत, यायला उशीर होईल. सासूबाई वर आहेत — ते वरचं आमचं घर, खाली वर्कशॉप, मध्ये हा लोखंडी जिना — त्याच जिन्यातून ओरडल्या, "सूनबाई, बाई आल्यात गाडी बघायला, दाखव जरा!" मी! दुसरं कुणी नाही म्हणून मी. तुम्हाला गंमत सांगू? या घरात मला सायलेन्सर म्हणतात. खरंच! सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. मी बोलत नाही ना फारशी. लग्न होऊन आले तेव्हा पहिले किती दिवस मी नुसती मान हलवायचे, मग एकदा सासरे जेवताना म्हणाले, "पोराने गाडी आणली झकास, पण सायलेन्सर जरा जास्तच चांगला बसलाय." सगळे हसले. मी पण हसले, पण आतल्या आत, म्हणजे त्यांचं खरंच झालं. तर मी बोलणारी नाही. आज काय झालंय कोण जाणे, तोंडाला पंप बसवल्यासारखं सुरू आहे. तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल. अनोळखी माणसाशी बरं असतं, उद्या सकाळी त्याच्यासमोर चहाचा कप धरून उभं राहायचं नसतं.

तर हा नळ. दिसायला घरातल्यासारखाच, पण घरातल्या नळामागे केवढा पसारा असतो, आणि याच्यामागे काय? तुमची बैठक आणि हा एवढासा पंप. बघा हं, सोडते — घुर्रर्र! दचकलात! मीही दचकले होते. बटण नाही, काही नाही, नळ उघडला की त्याला आपोआप कळतं, बंद केला की गप्प. फार शहाणा. फक्त एक खोड आहे, पोटात काही ठेवत नाही. गाडीत कुणी दोन थेंब पाणी घेतलं की सगळ्या आवाराला ओरडून सांगतो. वर स्वयंपाकघरापर्यंत जातो आवाज. म्हणून तर आम्ही त्याला यांचा जुना बनियन गुंडाळला — हा बघा, हा — तेव्हा कुठे जरा घसा बसल्यासारखा झाला. तुम्हाला देताना काढू हं बनियन. आम्ही म्हणजे? आम्ही म्हणजे… वर्कशॉपतर्फे.

इकडे या, मागचं दार बघा. इथे बाहेर शॉवर आहे, असा ओढायचा, पाय धुवायचे, कुत्रं असेल तर कुत्रं धुवायचं. आणि खाली वाकलात तर तो लाल दांडीचा कॉक दिसेल, तो निचऱ्याचा. त्याला हात लावू नका! म्हणजे लावा, तुमचीच गाडी असेल तेव्हा लावा — पण समजून लावा. मी न समजता लावला होता. सांगू? तुम्हाला घाई नाही ना? आले तेव्हाची गोष्ट. सासरे गाडीखाली उताणे झोपलेले, जोड आवळत होते, आणि तिथून ओरडले, "पाणी सोड!" आजूबाजूला मीच. आता ताई, तुम्हीच सांगा, तुम्हाला कुणी म्हटलं पाणी सोड, तर तुम्ही काय कराल? कुठे तरी भरलेलं आहे, ते सोडाल. मीही सोडलं. लाल दांडी दिसली, फिरवली. मला काय माहीत की वर्कशॉपमध्ये पाणी सोड म्हणजे आतला नळ उघडून पंप चालू कर, आणि टाकी रिकामी करायची असेल तर म्हणतात पाणी काढ! माहेरी आमच्या पाणी म्हणजे माठ आणि नळ, तिथे कोण सोडतंय आणि कोण काढतंय. सगळीच्या सगळी टाकी त्यांच्यावर. आणि ते बिचारे तोंड उघडून पुढची सूचना द्यायच्या बेतात होते! काही क्षण नुसतं बुडबुड. मग ते सरपटत बाहेर आले, मिशीतून धार लागलेली, उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, आणि वर जिन्याकडे बघून म्हणाले, "अहो ऐकलंत का? सुनेने सासऱ्यावर पाणी सोडलं!" वरून सासूबाई म्हणाल्या, "मी तर कधीच सोडलंय!" आणि मला जे हसू फुटलं ना ताई — या घरात माझा पहिला मोठा आवाज तो. हे आतून पान्हा हातात घेऊन धावत आले, त्यांना वाटलं कुणाला तरी लागलं.

हसा, हसा. छान हसता तुम्ही. आमच्याकडे सगळ्यांचं हसणं पातळ भिंतीमधून गाळून येतं.

काय म्हणालात? आवडली? म्हणजे… घेता? आजच? अहो, पण — असं कसं एका बैठकीत? कपाटं उघडून बघा, भाऊजींना आणा, त्यांचंही डोकं आपटू द्या! नाही, गाडी चांगली आहे, पण खोटं कशाला सांगू, वळणावर पाणी डुचमळतं. आत आडव्या पट्ट्या टाकल्यात तरी डुचमळतं, पोटात गलबलतं माणसाच्या. तुमच्या नाही गलबलणार? आणि तो सिंकचा निचरा, दोन दिवस वापरला नाही तर वास मारतो. आणि शॉवर, आधी बर्फासारखा, मग जीव जाईल इतका गरम, मग पुन्हा बर्फ. आणि मुख्य म्हणजे गळती! हो, गळती आहे ना. कुठे? तेच तर सापडत नाहीये. हे रोज दुपारी येऊन शोधतात. मी बॅटरी धरते. म्हणजे प्रकाशाची. रोज दुपारी, जेवणं झाली की, सासरे आडवे झाले की, आम्ही गळती शोधायला येतो. दार आतून लावावं लागतं, उजेड आला तर थेंब दिसत नाही, असं यांचं म्हणणं.

तुम्ही अशा काय बघताय?

बरं, नाहीये गळती. एक थेंब नाही. कोरडी ठणठणीत आहे गाडी. पुरे झालं? आता लाज वाटतेय मला, तिकडे बघा बघू जरा, त्या खिडकीकडे. अहो, वर घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, खोलीत मध्ये एक पडदा, पडद्याच्या पलीकडे सासूसासरे, अलीकडे आम्ही. पडद्यावर बदकं आहेत. पिवळी. पडद्यापलीकडून सासऱ्यांनी कूस बदलली की इकडे आमची बदकं हलतात. तिथे काय बोलणार आणि कसलं काय! मला रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढायला आवडतं, हे यांना कळलं या बाकावर. यांना लहानपणी पोहायला भीती वाटायची आणि अजून वाटते, हे मला कळलं या बाकावर, पाण्याचा धंदा करणारा माणूस! मी सायलेन्सर नाहीये, मला बोलायचं खूप असतं, हे तर मलाच इथे कळलं. चहा करतो आम्ही त्या एवढ्याशा शेगडीवर, कप धुतो, हे तोंड धुतात, एकदा शॉवरही — जाऊ द्या. आणि मग जिन्यावरून सासूबाईंचा आवाज येतो, "सापडली का रे गळती?" हे ओरडतात, "अजून नाही, आई!" इतकं निरागस ओरडतात ना, मला तोंडात ओढणी कोंबावी लागते. सासरे बिचारे काळजीत पडले. "एवढा शिकवला आणि याला एक गळती सापडेना," म्हणाले. परवा स्वतः शिरले गाडीखाली, सगळे जोड पुसून कोरडे केले, प्रत्येकाखाली कागद अंथरला आणि वाट बघत बसले. कागद कोरडेच. तरी यांनी सांगितलं, "बाबा, ती बदमाश आहे, माणूस बघून गळते."

ज्यांनी मागवली होती त्यांनी ऐन वेळी नको म्हटलं, तेव्हापासून उभी आहे ही इथे. आता पुढच्या कामाची गाडी आत घ्यायची तर ही हलवायला हवी, हे मलाही कळतं, मी काही खुळी नाही. सासरे सकाळीच म्हणाले, आज गिऱ्हाईक आलं की देऊन टाकायची. हे खाली मान घालून चपला शोधायला लागले. मी तर काय, सायलेन्सर. तुमचं काही चुकलं नाही हो ताई. तुम्ही घ्याल, रंग द्याल, कुठल्या कुठे फिराल, आणि आम्ही दोघं वर जाऊन बदकं बघत बसू. बस. हे सांगायचं नव्हतं. नळ दाखवायचा होता.

हं? पाणी किती दिवस पुरतं? हो, विचारा, कामाचं विचारा, बरं वाटेल मला. पाणी पुरतं. संपतच नाही. अहो, खरंच — रोज वापरतो आणि हे चार दिवे बघा, चारही हिरवे, टाकी भरलेली. कधीही बघा, भरलेली. असं कसं म्हणजे? हे भरत असतील. म्हणजे… नाही. हे परवा मलाच म्हणाले, "तू किती गं नेमाने भरून ठेवतेस टाकी!" मी मान हलवली. मान हलवायची सवयच आहे मला, लक्ष कुठे असतं. पण मी नाही भरत. मला तर ते भरायचं झाकण कुठे आहे तेही — बाहेर आहे, या बाजूला, खिडकीखाली, त्याला कुलूप असतं. किल्ली एक यांच्याकडे. आणि दुसरी… सासऱ्यांकडे नाही, ते सगळं हरवतात, त्यांच्या हातात कुणी किल्ली देत नाही. दुसरी वर असते. स्वयंपाकघरात. चहाच्या डब्यामागे.

अगं बाई.

नाही, थांबा. त्यांना पाण्याचं काय कळतं, त्या तर खाली उतरतही नाहीत, गुडघे दुखतात त्यांचे. पण मग आवारातला नळीचा गुंडाळा रोज सकाळी ओला कसा असतो? मला वाटायचं झाडांना. झाडं कुठे आहेत आमच्याकडे?

ऐकलंत? नाही, हा पंप नव्हे. मी नळ सोडलाच नाही, हा बघा बंद. हा खालून येतोय, तुमच्या बाकाखालून, खळखळ… पाणी पडतंय टाकीत. आत्ता. कुणीतरी आत्ता भरतंय. आणि खिडकी उघडी. ताई, ही खिडकी केव्हापासून उघडी आहे? तुम्ही त्या खिडकीकडे बघत होतात इतका वेळ — मीच सांगितलं बघायला — तुम्हाला कोण दिसत होतं? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत! हसत काय बसलाय!

…आई.

हो, आई. नाही, आई. दाखवली. सगळी… जरा जास्तच दाखवली. काय? मोठ्याने बोला ना, नळीच्या आवाजात — ऐकलंत ताई? म्हणताहेत, "बाईंना सांग, गाडी दिलेली आहे. तुझ्या सासऱ्यांना मी बघते."

दिलेली आहे हो. कुणाला दिली विचारू नका, मलाही आत्ताच कळतंय. तुम्हाला दुसरी बांधून देतील, हिच्यापेक्षा मोठी, वळणावर न डुचमळणारी. या हं तुम्ही. मी? मी नाही उतरत एवढ्यात, कुठल्या तोंडाने उतरू? तुम्ही या. पायरी ओली झालीय, जपून. आणि जाताना दार तेवढं लोटून घ्या.